उदाहरण सातवं

सादिक बोर्लीकर सरांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. एक, न्यूमेरिकल मेथड्स शिकवल्या. दुसरं, पोरांना मारलं. या दोन कामांत फार अंतर आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. सानपाड्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांचा क्लास होता. पाटीवर 'बोर्लीकर क्लासेस, एम थ्री, एम फोर, खात्रीने' एवढंच लिहिलेलं. इंजिनिअरिंगच्या गणितात दोन-दोन, तीन-तीनदा गचकलेली केटीवाली पोरं बाकी सगळे दरवाजे ठोठावून झाले की इथे यायची. आईबाप पहिल्याच दिवशी सांगून मोकळे व्हायचे, "सर, हवं तेवढं मारा, पण पास करा." सर दोन्ही करायचे.

मारण्याचीही त्यांची एक शिस्त होती. वाकड्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढायचं तर त्याच्या उभ्या पट्ट्या पाडतात, आणि सिम्पसनचा एक-तृतीयांश नियम लावायचा तर त्या पट्ट्या सम संख्येतच लागतात. सात पट्ट्यांवर कुणी तो नियम ठोकून दिलेला दिसला की सर पेन खाली ठेवायचे, चष्मा काढायचे आणि कानफटात द्यायचे. एकदा सनी नावाच्या पोराच्या कानाचा पडदा फाटला. रक्ताची बारीक धार कॉलरवर आली, तेव्हा सरांनी स्वतःच त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी सनी कानात कापूस घालून पहिल्या बाकावर हजर. लोक याला गुरुभक्ती म्हणत. कसली आलीय गुरुभक्ती! पोराला नोकरी हवी होती, नोकरीला डिग्री हवी होती, आणि डिग्रीच्या आड एक पेपर उभा होता.

सर मूळचे श्रीवर्धनकडच्या बोर्लीचे. तरुणपणी एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी अकरा वर्षं शिकवलं. तिथे संचालकांचा भाचा कॉपी करताना सापडला. सरांनी त्याला गचांडी धरून वर्गाबाहेर काढलं आणि जिन्यावरून खाली ढकललं. पोराचे दोन दात पडले, मनगट मोडलं. कॉलेज म्हणालं, माफी मागा. सरांनी राजीनामा लिहिला आणि त्यात त्या पोराचे पेपरातले मार्कही लिहिले: शंभरात चार. बायको खदीजा त्या दिवशी म्हणाली, "हात आवरला असतात तर नोकरी राहिली असती." सर म्हणाले, "आणि त्यानं बांधलेला पूल राहिला असता का?" उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तराची वाईट गोष्ट ही, की माणूस मग आयुष्यभर त्याच्याच आडोशाला राहतो. सर राहिले.

बाहेर इतका कठोर माणूस, पण नोट्स काढताना मात्र लोण्यासारखा मऊ व्हायचा. नापास पोरं आकडे पाहूनच गर्भगळीत होतात हे त्यांना माहीत होतं. म्हणून उदाहरणातले आकडे ते असे रचायचे की उत्तर गोड यावं. त्यांच्या विषयात फरकांचा तक्ता म्हणून एक प्रकार असतो. आकडे एकाखाली एक लिहायचे, शेजारी दोन-दोन आकड्यांतला फरक लिहायचा, त्याच्या शेजारी त्या फरकांतला फरक. त्यावरून मधला न घेतलेला आकडा काय असेल ते काढता येतं, आणि कुठे एक आकडा चुकला असेल तर तोही पकडता येतो. सरांच्या नोट्समध्ये फरकांचा दुसरा रकाना नेहमी सारखाच यायचा, शिस्तीत, एका रांगेत. पोरांचा जीव भांड्यात पडायचा.

त्यांतलं सातवं उदाहरण त्यांनी पाच वर्षांपूर्वी एका रविवारी घरी रचलं होतं. खदीजा ओट्यापाशी बोंबील साफ करत होती आणि सर शेजारी स्टुलावर बसून आकडे जुळवत होते. पोरं महापे-तुर्भ्याच्या कंपन्यांत जाणार, म्हणून रिअ‍ॅक्टरचं तापमान घेतलं. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद: बेचाळीस, त्रेचाळीस पॉइंट एक, चव्वेचाळीस पॉइंट सहा, असं करत चोपन्न पॉइंट सहापर्यंत सात आकडे. दुसरा फरक सगळीकडे पॉइंट चार. सर खुश झाले. "बघ, कसं गुळगुळीत आलंय," त्यांनी बायकोला दाखवलं. खदीजा म्हणाली, "मना काय कलतंय त्यातलं. हात धुवा नि जेवाला बसा."

त्या उदाहरणावर पाच वर्षं पोरांनी हात बसवला. त्यांतला एक वरद. चोवीस वर्षांचा, सानपाड्याचाच. डिप्लोमा करून महाप्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट ऑफिसर झालेला, पण प्रमोशनसाठी डिग्री हवी आणि डिग्रीत एम फोर तीनदा राहिलेला. चौथी आणि शेवटची संधी या मे महिन्यात होती. पोरगा सरळ होता. मार खाल्ला की मान खाली घालून तेच गणित पुन्हा सोडवायला घ्यायचा, म्हणून सरांचा त्याच्यावर जीव होता आणि म्हणूनच त्याला मारही जास्त पडायचा. पेपर बुधवारी होता. सोमवारी एक गणित चुकलं म्हणून सरांनी त्याचा अंगठा धरून उलटा पिरगळला आणि बजावलं, "परवापर्यंत नोट्स हातातून खाली ठेवायच्या नाहीत. झोपेत पण नाही."

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला महाप्याच्या त्या कंपनीत रिअ‍ॅक्टरचं झाकण उडालं.

झाकणाचे बोल्ट पत्र्याच्या छपरातून आरपार गेले आणि समोरच्या रस्त्यावर पडले. उकळता माल कारंज्यासारखा वर आला आणि प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या शिवरामच्या अंगावर कोसळला. शिवराम शिरवण्याचा, चौदा वर्षांचा जुना ऑपरेटर. पिंपातला माल थोडाथोडा सोडायचं त्याचं काम. तो लोखंडी शिडीवरून धडपडत खाली आला तेव्हा त्याचा शर्ट गळून पडला आणि शर्टाबरोबर पाठीची कातडी आली. वरद धावत आत घुसला, त्याने शिवरामला काखेत धरून बाहेर ओढलं. वरदचे स्वतःचे दोन्ही तळवे भाजले. शिवरामला ऐरोलीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे तो दोन दिवस जिवंत होता, आणि ते दोन दिवस कुणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत असे होते. गुरुवारी सकाळी तो गेला.

गुरुवारी दुपारी शिरवण्याची दोनशे माणसं महाप्याला पोचली. पुढे शिवरामचा धाकटा भाऊ बंडू होता, हातात सळई. पहिल्या धडकेत गेट आडवं झालं. वॉचमनने हात जोडले. त्या बिचाऱ्याचा काय संबंध? पण जमावाला संबंध विचारायची सवय नसते. त्याचं डोकं फुटलं, तो तिथेच गटाराच्या कडेला पडून राहिला, आणि माणसं त्याच्या अंगावरून आत गेली. ऑफिसच्या काचा फुटल्या, मॅनेजरची गाडी उलटी झाली आणि पेटली. एका क्लार्कला खिडकीतून ओढून काढून इतकं तुडवलं की त्याच्या नाकाचं हाड गालात गेलं. पोलीस आले, लाठ्या चालल्या. बंडूच्या पाठीवर पाच वळ उठले आणि तो शिव्या देत देतच घरी आला.

शुक्रवारी कंपनीने आपलं म्हणणं मांडलं. त्या दिवसाचा तापमानाचा लॉगशीट, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी भरायचा तक्ता, त्यांनी पोलिसांना दिला आणि त्याचा फोटो तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. तक्ता सांगत होता की साडेदहापर्यंत तापमान हळूहळू, अगदी नीट वाढत होतं. चोपन्न पॉइंट सहा. धोका सत्तरला. म्हणजे पुढच्या दहा मिनिटांत शिवरामने पिंपातला माल एकदम ओतला, दुसरं कारणच नाही. चूक त्याची. पाठोपाठ कुजबुज निघाली की शिवराम पिऊन आला होता. त्याची बायको गीतांजली सुतकात बसली होती. तिच्यासमोर बाया दबक्या आवाजात हेच बोलायला लागल्या. चौदा वर्षं ज्याने कधी ड्यूटीवर थेंब घेतला नाही, तो मेल्यावर दुसऱ्याच दिवशी बेवडा झाला.

त्याच दुपारी बंडू सरांच्या गाळ्यात आला. बंडू सरांचा जुना विद्यार्थी. बारा वर्षांपूर्वी त्याने इथेच मार खाल्ला होता. डिग्री काही झाली नाही, आता तो टेम्पो चालवत होता. पण सरांच्या पाया पडायचा त्याचा रिवाज मोडला नव्हता. त्या दिवशीही तो पाया पडला. मग मोबाइल टेबलावर ठेवला.

"सर, तुमी बोलायचात, आकडा खोटा असला तं तक्त्यात सापरतो. हा बगा. माजा भाव पिऊन मेला का?"

सरांनी चष्मा लावला आणि फोटो मोठा केला. आठपासून पावणेनऊपर्यंतच्या नोंदी: पस्तीस पॉइंट आठ, सदतीस पॉइंट नऊ, अडतीस पॉइंट चार, चाळीस पॉइंट सात. पुढे नऊ वाजता बेचाळीस. सव्वानऊला त्रेचाळीस पॉइंट एक. साडेनऊला चव्वेचाळीस पॉइंट सहा.

त्यांना पुढचं वाचायची गरज नव्हती. आपल्या हाताने रचलेले आकडे माणूस विसरत नाही. सेहेचाळीस पॉइंट पाच, अठ्ठेचाळीस पॉइंट आठ, एक्कावन्न पॉइंट पाच, चोपन्न पॉइंट सहा. रविवार, स्टूल, बोंबील, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. खाली सही वरदची होती.

"वरद सायबानी भरलाय," बंडू म्हणाला. "देवमानूस हाय. त्यानीच भायेर काढला शिवरामला, हात जाळून घेतले. तो खोटा कशाला लिवील? पन मना वाटतं, मॅनेजरनी मागून कायतरी बदललंय. तुमी बगा ना."

आयुष्यात पहिल्यांदा सरांना तक्त्याची भीती वाटली. ते आकडे खोटे आहेत म्हणाले, तर हा माणूस इथून सरळ वरदच्या दारात जाईल आणि त्याला ठेचून मारेल. खरे आहेत म्हणाले, तर शिवराम बेवडा ठरेल आणि त्याची बायको ते कपाळावर घेऊन जगेल.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "लगेच नाही सांगता येत. उद्या ये."

बंडूने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. अकरा आकड्यांच्या तक्त्याला सरांना वेळ लागतो? जे पोरांना दोन मिनिटांत जमलं नाही तर हे पाठ सोलून काढायचे, त्याला उद्या? तो मोबाइल उचलून गेला. आणि सरांच्या हाताखाली मार खाऊन शिकलेलं माणूस विसरत नाही. रस्त्यावर जाऊन त्याने टेम्पोच्या बॉनेटवर चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर स्वतःच फरकांचा तक्ता मांडला. आधीच्या नोंदींचे फरक वेडेवाकडे आले, खऱ्या मोजमापाचे येतात तसेच. नऊनंतरचा दुसरा रकाना मात्र पॉइंट चार, पॉइंट चार, पॉइंट चार, पॉइंट चार, पॉइंट चार. उकळत्या मालाचं तापमान असं शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेत चालत नाही. हे कुणीतरी टेबलाशी बसून लिहिलं होतं. आणि हे ज्याला लिहिता येतं त्याची, सरांच्याच क्लासातल्या वरदची, सही खाली होती.

इकडे सरांनी शनिवारी सकाळची बॅच रद्द केली आणि वरदला बोलावून घेतलं. तो आला. दोन्ही हातांना बँडेज, चार दिवसांची दाढी. सरांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"सातवं उदाहरण," ते म्हणाले. "म्हण."

वरदने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बेचाळीस," तो म्हणाला. "त्रेचाळीस पॉइंट एक. चव्वेचाळीस..."

सरांनी त्याच्या तोंडात मारली. मग दुसरी. चष्मा काढायचंही भान त्यांना राहिलं नाही. वरद फळ्यावर आपटला, खडूचा डबा सांडला. सरांनी त्याला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, पोटात, पाठीवर, जिथे हात पडेल तिथे. वरदने बँडेजचे हातसुद्धा आडवे घेतले नाहीत. त्याचा ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. शेवटी सरांनाच धाप लागली आणि ते बाकावर बसले.

"बोल."

"मी केबिनमध्येच होतो, सर," वरद रडत म्हणाला. "पॅनेलकडे पाठ होती. अलार्मची वायर महिनाभर काढून ठेवली होती, उगाच वाजतो म्हणून. नऊपासून नोंदी घेतल्याच नाहीत. आम्ही नेहमी तसंच करतो, शेवटी बसून भरतो. सगळेच करतात. मग... स्फोटानंतर मॅनेजरने अर्धा कोरा तक्ता समोर ठेवला. शिवराम तिथे खाली ओरडत होता. म्हणाले, भर, नीट गुळगुळीत भर, नाहीतर तूच आत जाशील. हात जळत होते, डोक्यात काहीच येईना. तुमचे आकडे तेवढे पाठ होते."

मारायला हात उचलावा तर कुणावर, हे सरांना कळेना. आपण शिकवलेलं इतकं चोख पाठ झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

"पोलिसात चल," ते म्हणाले. "आत्ता. जे झालं ते सगळं लिहून द्यायचं."

"मला मारून टाकतील, सर. शिरवण्याचे लोक जिवंत नाही सोडणार. आईचं दुसरं कुणी नाही."

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा ब्रेक लागला. सरांनी वरदला मागच्या पार्टिशनआड, नोट्सचे गठ्ठे ठेवायच्या खोलीत ढकललं आणि दार ओढून घेतलं. शटर धाडकन वर गेलं. बंडू होता, मागे चार जण, प्रत्येकाच्या हातात सळई. आणि त्यांच्याही मागे, टेम्पोतून उतरत असलेली, पांढऱ्या चेहऱ्याची गीतांजली.

"तुमी खोटं बोललात, सर," बंडू म्हणाला. "बारा वरसांपूर्वी मी एक आकडा चुकीचा लिवला तं तुमी मना उलट्या हाताचे दोन दिलेवते. आनी आता म्हनता उद्या ये? वरदची आय बोलली, तो इथंच आलाय. कुठं हाय तो?"

"बंडू, ऐक. मी त्याला पोलिसांकडे—"

"कुठं हाय?"

"सळई खाली ठेव. माझ्या वर्गात—"

बंडूने त्यांना छातीवर ढकललं. आणि सरांचा हात उठला. ठरवून नव्हे, तीस वर्षांच्या सवयीने उठला आणि बंडूच्या कानफटात बसला. चारचौघांत, भावजयीसमोर. बंडूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्याने सळई उचलली.

पहिला फटका फळ्यावर गेला, फळा उभा चिरला. दुसरा अडवायला सरांनी उजवा हात वर घेतला आणि कोपराखालचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसरा गुडघ्यावर बसला. सर खाली पडले. बंडू वर उभा राहून मारत होता आणि प्रत्येक फटक्याला ओरडत होता, "कुठं हाय? कुठं हाय?" बाकीच्यांनी बाकं उलटी केली, पंखा सळयांनी वाकवला, नोट्स फाडून पायाखाली घेतल्या. सरांनी दातावर दात दाबले आणि पार्टिशनच्या दाराला पाठ लावून ठेवली. बरगडी गेली तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला, पण नाव निघालं नाही. इथे त्यांचं कौतुक करायला हरकत नाही, मात्र एवढंही लक्षात असू द्या, की हे सगळं एक दिवस आधी तोंड उघडून टळलं असतं.

दार आतून ढकललं गेलं. सर बाजूला कलंडले. वरद बाहेर आला, फाटका ओठ, बँडेजचे हात दोन्ही बाजूंना लोंबत.

"सरांना मारू नका," तो म्हणाला. "मी लिहिलं ते."

बंडू वळला. त्याने वरदला गळ्याला धरून भिंतीवर दाबलं आणि सळई मागे नेली. एका फटक्याचं काम होतं. कवटी ती केवढी!

"बंडूभावजी, थांबा."

गीतांजली आत आली होती. उलटी बाकं ओलांडत ती त्यांच्यापाशी गेली आणि तिने बंडूच्या मनगटावर हात ठेवला. तिच्या आवाजात दया नव्हती.

"मारू नका त्याला. मेला तं लिवील कोन?"

सळई हवेतच होती. "वैनी, यानी मारलाय त्याला. यानी खोटे आकडे लिवले, नि वर आपल्यासमोर हात जाळल्याचं नाटक—"

"मना ठावं हाय. सोरा."

त्याने सोडलं. वरद भिंतीवरून घसरत खाली बसला. गीतांजलीने जमिनीवरून एक पाठकोरा कागद उचलला, त्यावरचा बुटाचा ठसा पदराने पुसला आणि त्याच्यापुढे ठेवला. टेबलाखाली सरांचं पेन पडलं होतं, तेही दिलं.

"लिव," ती म्हणाली. "आधी मना सांग, मग लिव. दवाखान्यात दोन दिवस ते एकच बोलत होते. 'हाक मारली, हाक मारली.' डॉक्टर बोलला, वातात हायेत. कोनाला हाक मारली होती?"

वरदने मान वर केली नाही. "मला."

"कवा?"

"सव्वादहाला. मग साडेदहाच्या सुमारास पुन्हा. म्हणाले, साहेब, भांडं लय थरथरतंय, जरा बगा."

"मंग?"

"मी म्हणालो, दोन मिनिटं."

बाहेर रस्त्यावर माणसं जमली होती, कुणीतरी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होतं. गीतांजलीच्या हनुवटीखालची शीर उडत होती. एक बाई आपल्या नवऱ्याची स्फोटाआधीची शेवटची पंचवीस मिनिटं विचारून घेत होती आणि ती थांबणार नव्हती. अलार्मची काढलेली वायर, मॅनेजरने पुढे ठेवलेला तक्ता, तेही तिने त्याच्याकडून वदवून घेतलं.

"लिव ते. मॅनेजरनी अर्धा कोरा तक्ता दिला, तेबी लिव. अलार्म बंद होता, तेबी."

वरदने भाजलेल्या बोटांत पेन धरलं आणि लिहायला सुरुवात केली. बँडेजमधून पाणी कागदावर उतरत होतं. अक्षर लहान मुलाचं येत होतं. ती शेजारी उभी राहून एकेक ओळ वाचत होती. 'दोन मिनिटं' या शब्दांवर तिचं बोट थांबलं.

"त्या दोन मिनिटांत तू काय करत होतास?"

वरदचं पेन थांबलं. त्याने ओठ घट्ट मिटले, रक्त गिळलं आणि सरांकडे न बघता मान हलवली. काही नाही, अशी.

सर जमिनीवर पडले होते. उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला, श्वासागणिक बरगडी टोचत होती. पोरगं अजूनही आपल्याला वाचवतंय, हे त्यांना दिसलं. मार खाऊन, अंगठा पिरगळून घेऊन, रक्त गिळून. याहून मोठी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. त्यांनी डाव्या हाताने बाकाचा पाय धरला आणि डोकं उचललं.

"गणित सोडवत होता, बाय," ते म्हणाले. "माझं. मीच त्याला सांगितलं होतं, नोट्स हातातून खाली ठेवशील तर याद राख. तो मला घाबरत होता. रिअ‍ॅक्टरला नाही."

गीतांजलीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सरांना वाटलं आता ती बंडूच्या हातातली सळई घेईल, आणि घेतली असती तर त्यांनी हात आडवा घातला नसता. पण ती वरदकडे वळली आणि तिने कागदावर बोट टेकवलं.

"तेबी लिव," ती म्हणाली. "सराचं पूरं नाव लिव."